दुखावलेलं टेंडन, तापट घोडा आणि रोजची दहा मिनिटं

प्रश्न: आमच्या रायडिंग क्लबमध्ये सात वर्षांचा थरोब्रेड आहे, खच्ची केलेला. रेसमधून निवृत्त होऊन आमच्याकडे आला. महिन्याभरापूर्वी पुढच्या डाव्या पायाचं टेंडन, म्हणजे गुडघ्याखाली नळीच्या हाडामागून जाणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, दुखावलं. अल्ट्रासाउंडमध्ये टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला. डॉक्टरांनी दोन आठवडे ठाणबंद ठेवायला आणि मग रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, हातात धरून फिरवायला सांगितलं. पण दाराबाहेर पाऊल पडताच हा नाचायला लागतो, मागच्या पायांवर उभा राहतो. परवा सईसाच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हातून दोर सुटला आणि तो आवारभर उधळला. सईस आता त्याला हात लावायला बिचकतो. फिरवणं बंद करावं का? की एकदाच मोकळा सोडून त्याची रग जिरू द्यावी?
(एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर: मोकळा मुळीच सोडू नका. फिरवणं दोन-चार दिवस थांबवा, पण कायमचं बंद करू नका. आणि परवा उधळल्यानंतर डॉक्टरांनी पाय पाहिला की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. पाहिला नसेल तर आधी ते करा. त्यांनी परवानगी देईपर्यंत त्याला ठाणाबाहेर काढू नका.

रग जिरवण्याचा विचार का सोडायचा, ते आकड्यांत बघा. संथ चालीत हे टेंडन आपल्या लांबीच्या साधारण २ ते ४ टक्के ताणलं जातं. भरधाव धावताना तोच ताण १२ ते १६ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे निरोगी टेंडनसुद्धा तुटण्याच्या सीमेजवळ पोहोचतं. तुमच्या घोड्याच्या टेंडनमध्ये सध्या जो भराव तयार होतोय त्यातले तंतू गुंता झालेल्या सुतळीसारखे आडवेतिडवे आहेत आणि कच्च्या प्रतीच्या कोलॅजनचे आहेत. ते पायाच्या लांबीच्या दिशेने सरळ लागायला हवे असतील तर त्यांच्यावर त्याच दिशेने हलका, सारखा, रोजचा भार पडायला हवा. संथ चाल नेमकं हेच काम करते. म्हणून फिरवणं हा उपचाराचाच भाग धरा, आणि औषधासारखी त्याची मात्रा सांभाळा. एका उडीत ती मात्रा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

फसगत होते ती इथेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरलेली असते, पाय गार लागतो, घोडा लंगडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बरा झाला. घोड्यालाही तसंच वाटतं, म्हणून तर तो उड्या मारतो. दुखणं ओसरलं म्हणजे टेंडन भरलं असं नाही. पूर्ण कामावर यायला अशा दुखापतीत सहसा नऊ महिने ते वर्ष लागतं. दुखत नसतानाही घोडा आपला पाय सांभाळेल, ही अपेक्षाच चुकीची.

तेव्हा पहिला नियम असा ठेवा की मिनिटांपेक्षा उड्या मोजायच्या. शांत चाललेली सहा मिनिटं ही दोन उड्यांसकट झालेल्या वीस मिनिटांपेक्षा कैक पटींनी चांगली. डॉक्टरांनी दहा सांगितली म्हणून दहा पुरी करण्याचा हट्ट नको. घोडा सहाव्या मिनिटाला तापायला लागतो असं दिसलं तर पाचव्या मिनिटाला आत आणा, आणि दोनऐवजी तीनदा बाहेर काढता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

जागा निवडताना एक साधं गणित करा. धरून चालवताना घोडा मिनिटाला ९० ते १०० मीटर जातो. दहा मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर. तुमचा सरळ पट्टा २०० मीटरचा असेल तर एवढ्यात चार वळणं लागतील. ४० मीटरच्या अंगणात हेच अंतर काढायला तेवीस-चोवीस वळणं घ्यावी लागतात, आणि प्रत्येक वळणावर पायाला पीळ बसतो, शिवाय घोड्याला नाचायला निमित्त मिळतं. म्हणून लांबात लांब सरळ वाट शोधा. दाबून बसलेला मुरूम सगळ्यात उत्तम. भुसभुशीत वाळूत खूर रुततो आणि टेंडनवरचा भार वाढतो, त्यामुळे रायडिंगची रिंग मऊ आहे म्हणून तिथे न्यायचा मोह टाळा. डांबरावर लोखंडी नाल घसरते. चढ-उतार सध्या नकोत. वळण घ्यायचंच तेव्हा आठ-दहा मीटर रुंद घ्या आणि तुम्ही डाव्या बाजूला चालत असाल तर घोड्याला उजवीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर वळवा. तुमच्या पायावर त्याचा पाय पडत नाही, त्याच्या खांद्यावर तुमचा ताबा राहतो, आणि दुखावलेला डावा पाय वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहतो.

आता साहित्य. परवा दोर सुटला, यात सईसाचा दोष बहुधा कमी आणि दोराचा जास्त असावा. तबेल्यातला नेहमीचा दोर पावणेदोन-दोन मीटरचा असतो. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचं डोकं जमिनीपासून तीन मीटरवर जातं. मग एकतर माणूस लोंबकळतो, नाहीतर दोर हातातून जातो. साडेतीन ते चार मीटरचा, बोटाएवढा जाड, मऊ सुती दोर घ्या. नायलॉन नको, तळहात सोलून निघतो. शेवटच्या टोकाला एक गाठ मारून ठेवा, म्हणजे निसटताना हाताला कळतं. उरलेला दोर डाव्या हातात पुढेमागे घड्या घालून धरायचा. मनगटाला किंवा पंजाला वेढा कधीही नाही. घोडा एकदा झेपावला की वेढ्याचा फास होतो आणि बोटं जातात. फरफटत गेलेली माणसंही बहुतेक याच सवयीची शिकार असतात. डोक्यावर हनुवटीपट्टी लावलेलं हेल्मेट, हातात चामड्याचे मोजे, पायात बंद कडक बूट. चपलेवर किंवा अनवाणी सईस हा आपल्याकडचा नेहमीचा देखावा आहे, पण या घोड्यापुढे तो चालणार नाही.

नुसत्या हेडकॉलरवर, म्हणजे डोक्यावरच्या बिनलगामी पट्ट्यांवर, असा घोडा आवरत नाही. तुमच्यापुढे चार पर्याय आहेत. लंज करायचा (लांब दोरावर गोल फिरवायचा) कॅव्हेसन, म्हणजे नाकावर गादी आणि मध्ये कडी असलेला पट्टा, व्यवस्थित बसणारा मिळाला तर सर्वांत चांगला: दाब नाकाच्या हाडावर येतो आणि तोंड शाबूत राहतं. तो सैल असेल तर फिरून गालपट्टी डोळ्यात जाते, म्हणून गालाखालचा पट्टा नीट आवळा. दुसरा पर्याय साध्या स्नॅफल लगामाचा, म्हणजे तोंडात लोखंडी कडियाळं आणि त्याच्या दोन्ही टोकांना कड्या असलेल्या लगामाचा. रास (हातात धरायचा पट्टा) काढून टाका आणि दोन्ही कड्यांना जोडणारी छोटी जोडपट्टी लावून तिला दोर अडकवा. एकाच कडीला दोर लावला तर कडियाळं तोंडातून पलीकडे ओढलं जातं. रेसमधला घोडा लगामाला सरावलेला असतो, त्यामुळे पुष्कळदा एवढ्यानेच त्याचं चित्त ठिकाणावर येतं.

तिसरा पर्याय नाकावरची साखळी. ती लावणारे खूप, नीट लावणारे थोडे. साखळी डाव्या बाजूच्या खालच्या कडीतून बाहेरून आत घ्यायची, हेडकॉलरच्या नाकपट्टीला एक वेढा देत नाकावरून पलीकडे न्यायची, उजव्या खालच्या कडीतून आतून बाहेर काढायची आणि उजव्या गालाच्या वरच्या कडीत अडकवायची, हुकाचं तोंड बाहेर ठेवून. नाकपट्टीला वेढा दिला नाही तर साखळी घसरत नाकपुड्यांवर येते, तिथे हाड संपून मऊ कूर्चा सुरू होते. साखळी गालाच्या उभ्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली, टणक भागावर हवी. चालताना ती ढिली असायला हवी. इशारा झटकन द्यायचा आणि झटकन सोडायचा. सतत ओढून धरलेली साखळी घोड्याला वर उठवते. साखळी लावलेल्या घोड्याला बांधून ठेवायचं नाही. आणि हनुवटीखालून साखळी घेऊ नका. उभ्या राहणाऱ्या घोड्याला ती डोकं वर फेकायला शिकवते.

चौथा पर्याय शिफनी, रेसकोर्सवर दिसणारं गोल कड्याचं कडियाळं. ती चालते, पण अनुभवी हातात. घाबरलेला माणूस दोराला लटकतो, शिफनीवर लटकलं की घोडा वेदनेने आणखी वर जातो आणि कधी मागे उलटतो. डोक्याच्या मागच्या बाजूवर पडलेला घोडा दगावू शकतो. तुमचा सईस आधीच बिचकलेला आहे, तेव्हा शिफनी त्याच्या हाती देऊ नका.

थांबलेले हे चार दिवस वाया घालवू नका. ठाणाच्या आतच, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं, दोन गोष्टी शिकवा. पहिली, मान खाली घेणं. हेडकॉलरखाली दोर धरून अगदी हलका, फक्त दोराच्या वजनाइतका दाब खाली द्या आणि वाट पाहा. नाक एक बोटभर खाली आलं त्याच क्षणी दाब सोडा आणि मूठभर हिरवं गवत द्या. सोडायला एक सेकंद उशीर झाला तर घोडा चुकीची गोष्ट शिकतो. दोन-तीन दिवसांत तो गुडघ्यापर्यंत मान खाली आणायला लागेल. खाली मान घातलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहू शकत नाही. त्याला आधी मान वर घ्यावी लागते, आणि ती वर जाताना तुम्हाला दिसते. दुसरी, एक पाऊल पुढे आणि थांब. तुमचा खांदा पुढे झाला की त्याने चालायचं, तुम्ही श्वास सोडून थांबलात की त्याने थांबायचं. शब्द नेहमी एकच वापरा. ठाणात जे पक्कं झालेलं नाही ते बाहेर वाऱ्यावर होणार नाही.

बाहेर काढण्याची वेळ तुम्ही ठरवायची. सकाळी इतर घोडे पळवून परत आल्यावर, आवार निवांत झाल्यावर काढा. चंदी (दाणा) वाटपाच्या वेळी कधीच नाही. शेजारी तोबरे लागलेत आणि आपल्याला बाहेर ओढतायत, यावर शांत घोडाही बिथरेल. निघण्याआधी अर्धा तास वाळलं गवत खाऊ द्या, पंधरा मिनिटं खरारा करा. थंडीत, डिसेंबरच्या पहाटे, कडाक्याच्या गारठ्यात काढण्यापेक्षा ऊन वर आल्यावर काढलेला बरा. एखादी म्हातारी, थंड डोक्याची घोडी सोबतीला असेल तर तिला एका घोड्याच्या अंतरावर पुढे किंवा बाजूला चालवा. पण ती मध्येच दुडकी धरणारी नको, आणि तिला याच्या आधी आत नेऊ नका. मागे एकटं राहिलं की सगळी शांतता पाण्यात जाते. फाटक आधी बंद करा, कुत्री बांधा, कोणी मोटारसायकल काढणार असेल तर त्याला थांबवा. गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके, लग्नाच्या हंगामातला बँड यांच्या तारखा आधीच माहीत असतात; त्या दिवसांची वेळ बदला, नाहीतर डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

सगळ्यात धोक्याची असतात दारापासूनची पहिली पन्नास पावलं. दार पूर्ण उघडून मागे अडकवा. अर्धवट दारात कंबर घासली की घोडा उडी मारूनच बाहेर पडतो आणि पुढच्या वेळी त्याची तयारी करूनच येतो. उंबरठ्यावर मान खाली, एक श्वास, मग पाऊल. तुमची जागा त्याच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या मधोमध, एक हात अंतरावर. उजवा हात हेडकॉलरपासून वीतभर खाली, दोराला थोडा झोळ. कोपर त्याच्या मानेच्या बाजूला असू द्या, म्हणजे तो तुमच्यावर रेलायला लागला तर कोपराने त्याला बाजूला ठेवता येतं. डाव्या हातात मीटरभर लांबीची छडी, पाठीमागून त्याच्या बरगडीकडे नुसती दाखवायला. त्याच्या पुढे जाऊन ओढू नका आणि वळून त्याच्या डोळ्यात बघत उलटं चालू नका. पुढे ठेवायची असते आपली नजर, वाटेच्या टोकावर.

काही घोड्यांना दर आठ-दहा पावलांनी थांबवून मान खाली करायला लावली की ते निवळतात. काहींना थांबवलं की वाफ कोंडते आणि ते जागेवर नाचतात. तुमचा दुसऱ्या जातीतला वाटतो. अशा घोड्याला थांबवू नका. चालतं ठेवा, पण चालता चालता त्याला काम द्या. नाक थोडं तुमच्याकडे, मग सरळ. चाल थोडी हळू, मग पुन्हा नेहमीची. वाटेवर अगदी उथळ नागमोडी. दर सहा-सात सेकंदांनी काहीतरी मागत राहिलं की कान तुमच्याकडे वळतो. एक कान तुमच्याकडे असेपर्यंत सगळं ठीक चाललंय असं समजा.

उडी अचानक येत नाही. आधी मान ताठ होते, दोन्ही कान एका जागी खिळतात, पाठ कडक होते, पावलं आखूड पडायला लागतात, शेपटीचं बूड उचललं जातं, श्वास थांबतो किंवा जोरात फुरफुर येते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. त्याच दोन सेकंदांत नाक तुमच्याकडे घ्या आणि चालत राहा. दोर आखडून धरण्याची चूक बहुतेकजण इथे करतात. आखडलेला दोर घोड्याला सांगतो की काहीतरी भयंकर आहे, आणि पुढे जायची वाट बंद असल्याने त्याला वर जाण्याशिवाय पर्याय उरत नाही.

उभा राहिलाच तर दोर सैल सोडा, त्याच्या पुढ्यातून निघून खांद्याच्या बाजूला, दोन पावलं लांब सरका. खाली ओढू नका, लटकू नका. पुढचे खूर जमिनीला लागताक्षणी त्याला पुढे चालवा, जणू काही झालंच नाही. तिथे थांबून छडीने मारलं की तो जागेवर अडकतो आणि पुन्हा उभा राहतो. पुढे झेप घेतली तर त्याच्यासोबत धावू नका. पाय रोवा आणि एकसारखं न खेचता झटके देत-सोडत नाक आपल्या बाजूला आणा, मोठ्या कमानीत त्याला वळवा. नाक तुमच्याकडे आलं की पुठ्ठा (मागचा भाग) दूर जातो आणि लाथ तुम्हाला लागत नाही. या वळणाने टेंडनला थोडा त्रास होईल, पण धावण्यापेक्षा तो कमी. ताबा गेलाच, फरफट व्हायला लागली, तर दोर सोडा. घोड्याच्या पायापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे सईसाला तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या. नाहीतर नोकरीच्या भीतीने तो दोर धरून राहील. सुटलेल्या घोड्यामागे कोणी पळायचं नाही. फाटकं बंद आहेत ना ते पाहायचं आणि घमेल्यात मूठभर चंदी खुळखुळवत उभं राहायचं.

दोघांनी दोन बाजूंनी दोन दोर धरून फिरवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोघेही जाणते असतील आणि एकमेकांचं बघून चालणारे असतील तर ती उपयोगी पडते. एक जाणता आणि एक नवखा असेल तर नवख्याच्या अंगावर घोडा येतो. त्यापेक्षा रोज एकच माणूस, तोही न घाबरलेला, हे बरं. सध्याच्या सईसाला काही दिवस सोबतीच्या घोडीकडे द्या.

एवढं करूनही पहिल्या दोन दिवसांत उड्या थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे गुंगीच्या औषधाची मागणी करा. यात कमीपणा काही नाही, टेंडनच्या घोड्यांना पहिले काही आठवडे औषधावर फिरवणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. सहसा एसप्रोमाझिन दिलं जातं. तोंडातून दिलं तर परिणाम व्हायला अर्धा ते एक तास लागतो आणि त्या वेळात घोड्याला अंधुक, शांत ठाणात एकटं सोडायला हवं. आधीच भडकलेल्या घोड्यावर ते धड चालत नाही. त्याने वेदना कमी होत नाही, म्हणून पाय लंगडला तर ते लपत नाही, हा त्याचा फायदा. तोटेही जाणून घ्या. रक्तदाब उतरतो, म्हणून भर उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या किंवा आजारी घोड्याला ते घातक ठरू शकतं. नर घोड्यात, खच्ची केलेला असला तरी, लिंग बाहेर लोंबतं. ते काही तासांत आत गेलं नाही तर ताबडतोब डॉक्टर. झायलाझिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाचा परिणाम थोडा वेळ टिकतो, घोडा डुलतो आणि झोपाळलेला दिसत असूनही नेमकी लाथ मारू शकतो, म्हणून ते रोजच्या फिरवण्याला सोयीचं नाही. मात्रा किती, हे आम्ही इथे लिहिणार नाही आणि दुसऱ्या तबेल्यातल्या कोणाकडून तुम्हीही घेऊ नका. वजन, हृदय आणि चालू असलेली इतर औषधं बघून ती ठरते. दुखणं मारणारं फेनिलब्युटाझोन मात्र फिरवण्यासाठी म्हणून देऊ नका. पाय काय सांगतोय तेच ऐकू येईनासं होईल. घोडा पुढे स्पर्धेत उतरणार असेल तर यातली औषधं प्रतिबंधित यादीत येतात, हे आधीच लक्षात ठेवून डॉक्टरांना विचारा.

खाणं. काम बंद आणि चंदी तीच, असं असेल तर वरचं सगळं निम्मं फुकट जाईल. ओट, जव, हरभरा आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने बंद करा. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला ७ ते ९ किलो वाळलं गवत पुरतं. बारीक छिद्रांच्या जाळीत, चार-पाच वेळा विभागून, म्हणजे तोंड दिवसभर चालू राहतं. लसूणघास थोडी. खनिज मिश्रण आणि २५-३० ग्रॅम मीठ चालू ठेवा. ठाणबंद घोड्याचं आतडं सुस्तावतं, त्यामुळे लीद मोजा: दिवसाला आठ-दहा ढीग असायला हवेत. चार-पाचवर आले, लीद कोरडी झाली, तर पोटदुखीची वाट पाहू नका.

परत आल्यावर ठाणात आत घ्या, पूर्ण वळवून तोंड दाराकडे करा, मगच हुक काढा आणि एक पाऊल मागे या. दाराकडे पाठ करून सोडलेला घोडा मागे लाथ झाडून आत पळतो. मग पाय. हाताच्या पालथ्या बाजूने पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्यांची मागची बाजू गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत (नळीखालच्या सांध्यापर्यंत) तपासा: रोज सकाळी बाहेर काढण्यापूर्वी आणि फिरवून झाल्यावर तासाने. डाव्यात उजव्यापेक्षा ऊब आहे का, बोटाने दाबल्यावर पाय उचलतो का. नळीच्या मधोमध, खुणेच्या त्याच जागी, शिंप्याच्या टेपने घेर मोजून लिहा. वहीत रोज चारच गोष्टी: मिनिटं, उड्या, ऊब, घेर. साधारणपणे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवतात, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुन्हा अल्ट्रासाउंड होतं आणि त्यानंतर दुडकीचा विचार. पण ज्या आठवड्यात उडी झाली त्या आठवड्यात वाढ नाही. ऊब किंवा घेर वाढला तर फिरवणं बंद, डॉक्टरांना फोन.

पट्ट्यांबद्दल थोडंच. कमी-जास्त आवळलेली पट्टी स्वतःच टेंडन दुखावते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितली असेल तरच, आणि ज्याला येते त्यानेच बांधावी. नालबंद दर पाच आठवड्यांनी यायला हवा. खुराचा पुढचा भाग लांबला की टेंडनवरचा ताण वाढतो. टाच उंच करणारी नाल स्वतःच्या मनाने लावू नका.

शेवटी एक प्रश्न डॉक्टरांना या आठवड्यातच विचारून ठेवा: खोगीर घालून, पाठीवर बसून चालवायला कधीपासून चालेल? रेसमधून आलेले पुष्कळ घोडे हातात धरल्यावर धिंगाणा घालतात आणि पाठीवर माणूस बसताच मान खाली घालून कामाला लागतात, कारण त्यांचं सगळं शिक्षणच पाठीवरून झालेलं असतं. परवानगी मिळाली तर स्वार हलका आणि स्थिर बसणारा हवा, तंग (खोगिराचा पोटपट्टा) हळूहळू आवळायचा, चढताना खाली धरणारा माणूस असावा, आणि चाल फक्त कदम, म्हणजे संथ. पहिल्या दिवशी आधीच्या मिनिटांपेक्षा एकही मिनिट जास्त नाही.